बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग: घासले की जातात, आठवड्यात परत येतात

सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या इमारतीला दोन तऱ्हेचं पाणी आहे. सकाळी थोडा वेळ महापालिकेचं, म्हणजे कृष्णेचं. ते प्यायला आणि स्वयंपाकाला भरून ठेवायचं. बाकी अंघोळ, धुणं, फरशी सगळं बोअरवर. हे बोअरचं पाणी दिसायला काचेसारखं. पण त्यात तूरडाळ शिजवायला टाकली तर कुकरच्या शिट्ट्या दुप्पट होतात, साबणाला फेस येत नाही, आणि नळाच्या तोंडाशी पांढरी खरड धरते. बाथरूमच्या गडद टाइल्सवर तर कुणी पातळ चुना शिंपडल्यासारखं दिसतं.

"वैनी, परवाच घासलं की ओ. परत कसं आलं हे?" आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी हा प्रश्न इतक्या वेळा विचारला की शेवटी मला तो माझाच वाटायला लागला.

तोवर मी सगळे उद्योग करून झाले होते. भांड्यांची पावडर आणि तारेची घासणी: डाग फिका झाला, नळाचा चकचकीतपणा गेला. दुकानातलं बाटलीतलं ॲसिड: डाग गेला, खोकून खोकून जीव गेला, आणि पंधरा दिवसांत टाइलच्या सांध्यांतलं सिमेंट भुगा होऊन यायला लागलं. मग मोबाइलवर बघून खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून ओतलं. काय तो फेस! सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. फेस बसला, धुतलं, डाग जिथल्या तिथं.

"अगं, चिंच आणि राख एकत्र कोण लावतं?" एवढंच त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. त्या वाक्याचा अर्थ मला बराच उशिरा लागला.

आधी डाग कसला आहे ते ओळखा

परत परत येणाऱ्या डागाचं निम्मं कारण हेच असतं, की आपण एका डागावर दुसऱ्याचं औषध लावत असतो. पांढऱ्या डागावर व्हिनेगरचे चार थेंब टाका आणि कान जवळ न्या. बारीक बुडबुडे आले, सूं असा आवाज आला, तर तो चुना आहे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आम्लाशी भेट झाली की त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो, तेच ते बुडबुडे. ही चाचणी टाइल, काच, स्टील, नळ यांच्यावर करायची. दगडावर नको, का ते पुढे येईल.

बुडबुडे नाहीत, बोट फिरवल्यावर मेणचट लागतं, नखाने खरवडलं तर पांढरी वळी निघते: हा साबणाचा थर. जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्यातलं कॅल्शियम आणि साबण यांची गाठ पडली की पाण्यात न विरघळणारा चिकट साका तयार होतो. फेस येत नाही तोही यामुळेच. साबणाचा पहिला भाग हा साका करण्यातच खर्ची पडतो. बादलीच्या आतल्या कडेला जी करडी रेघ असते ती हीच.

डाग तांबूस असेल, विशेषतः कमोडमध्ये पाण्याच्या धारेखाली, तर बोअरच्या पाण्यात लोह आहे. त्यावर ब्लीचिंग पावडर टाकू नका. ब्लीचने लोह आणखी गंजतं आणि डाग पक्का बसतो. आणि सांध्यांत काळे ठिपके असतील तर ती बुरशी. तिला चुन्याचं औषध लागू पडत नाही. तिच्यासाठी उजेड, वारा आणि कोरडेपणा हवा.

आमच्याकडे, आणि मला वाटतं सांगलीतल्या बहुतेक बोअरवाल्या घरांत, पहिले दोन एकावर एक बसलेले असतात. खाली चुना, वर साबण, त्यावर पुन्हा चुना. म्हणून एकट्या व्हिनेगरने भागत नाही आणि एकट्या सोड्यानेही नाही.

चिंच वेगळी, राख वेगळी

सासूबाईंच्या माहेरच्या मोरीत एका कोनाड्यात राखेचं मडकं असायचं आणि दुसऱ्यात चिंचेच्या चोथ्याची वाटी. तेलकट कढई, तुपाची कासंडी राखेने. तांब्याचा बंब, पितळी घागर चिंच-मिठाने. आमच्या आजोळीही असंच होतं, पण यामागे काही हिशेब आहे हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. राख म्हणजे अल्कली, आम्लाच्या अगदी उलट. तिच्यात पोटॅशियम कार्बोनेट असतं, ते तेल सोडवतं. चिंच म्हणजे आम्ल, त्यात टार्टारिक आम्ल. ते धातूवरचा गंज आणि क्षार सोडवतं. दोन्ही एकत्र केली की एकमेकांना मारतात, उरतं ते खारट पाणी.

सोडा आणि व्हिनेगरच्या फेसाचंही नेमकं हेच. फेस दिसतो म्हणून आपल्याला वाटतं काहीतरी जोरात काम चाललंय. खरं तर दोघांची शक्ती त्या फेसातच संपलेली असते. तळाशी राहतं ते सोडियम ॲसिटेटचं पाणी, ज्याने ना चुना निघतो ना तेल. तुंबलेल्या नळीत फेसाच्या धक्क्याने थोडा गाळ हलत असेल, तेवढंच. मला विचाराल तर घर साफ करण्याच्या सगळ्या सल्ल्यांत हा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत फुकाचा सल्ला आहे.

अल्कलीचं काम बघायचं तर लांब जायला नको. तासगाव, कवठेमहांकाळकडे बेदाण्याच्या शेडवर गेलात तर द्राक्षाचे घड वाळत घालण्याआधी एका द्रावणात बुडवून काढताना दिसतील. त्यात डिपिंग ऑइल असतं आणि पोटॅशियम कार्बोनेट. द्राक्षाच्या सालीवर जो मेणाचा पातळ थर असतो तो त्याने मोडतो, म्हणून आतलं पाणी लवकर उडून जातं आणि बेदाणा झटपट वाळतो. गॅसमागच्या टाइलवरचा तेलाचा चिकटा धुण्याच्या सोड्याने निघतो तो याच नात्याने.

म्हणजे लागणारं सामान एवढंच: पांढरं व्हिनेगर किंवा लिंबूसत्व, धुण्याचा सोडा, भांड्यांचा साबण, जुने टॉवेल, जुना टूथब्रश. लिंबूसत्व म्हणजे सायट्रिक ॲसिड. किराणा दुकानात, गणपती पेठेत तर कुठंही, सुटं मिळतं. मला व्हिनेगरपेक्षा तेच आवडतं. वास नाही, पुडी टिकते, आणि ताकद आपल्या हातात. बाटलीतलं व्हिनेगर साधारण ४ ते ५ टक्के आम्लाचं असतं, बाकी पाणीच. आणि त्या पाण्याचे पैसे आपण देतो.

आता प्रत्यक्ष

लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्व. पाणी नळाचं घ्या, बोअरचं नको, नाहीतर थोडं आम्ल तिथंच खर्ची पडतं. यात जुना टॉवेल भिजवून टाइलवर चिकटवायचा. फवारून लगेच पुसण्यात अर्थ नाही, कारण उभ्या भिंतीवरून पाणी दोन मिनिटांत ओघळून जातं आणि चुना विरघळायला वेळ लागतो. मी याच ठिकाणी वर्षभर चुकत होते. औषध बरोबर, वेळ अपुरा. ओला टॉवेल अर्धा तास राहू द्या, मग नायलॉनच्या घासणीने हलकं फिरवा आणि भरपूर पाण्याने धुवा. टॉवेल वाळू देऊ नका. दाट लिंबूसत्व जागेवर वाळलं तर त्याचाच नवा पांढरट थर बसतो, आणि आपण म्हणतो औषध लागू पडलं नाही. थर जाड असेल तर एकदाच दाट लावण्यापेक्षा दोन-तीनदा करा.

धुऊन झाल्यावर, आणि धुऊन झाल्यावरच, दुसरी फेरी. अर्ध्या बादली गरम पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा आणि भांड्यांच्या साबणाचे थोडे थेंब. याने वरचा मेणचट साका निघतो. चुना आधी सुटलेला असला की हा साका अगदी सहज येतो. उलट क्रमाने केलं तर दुप्पट घासावं लागतं, मी करून बघितलंय. हातमोजे घाला. धुण्याच्या सोड्याने हात फाटतात, नुसते कोरडे नाही पडत. ॲल्युमिनियमच्या भांड्याला, खिडकीच्या ॲल्युमिनियम पट्ट्यांना हा सोडा लावू नका, काळ्या पडतात.

नळ आणि शॉवर: शॉवरच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी, तिच्यात लिंबूसत्वाचं पाणी, वर रबरबँड. नळाला भिजवलेली फडक्याची पट्टी गुंडाळायची. वीस मिनिटं बास. रात्रभर ठेवू नका. वरचा मुलामा निघाला की खालचं पितळ दिसतं, आणि तो मुलामा घरी परत येत नाही. भोकं बुजलीच असतील तर पिशवी काढल्यावर टूथब्रश.

कमोडच्या आतल्या रेघेवर लोक वरून लिंबूसत्वाचं पाणी ओततात आणि ते खालच्या पाण्यात मिसळून वाया जातं. आधी मग्ग्याने आतलं पाणी ढकलून रेघ उघडी पाडा, तिच्यावर त्याच पाण्यात भिजवलेले जुने फडके रात्रभर अंथरा, सकाळी फडके उचलून ब्रश मारा. फडके फ्लश करू नका, हे सांगावं लागतंय कारण आमच्या घरी झालंय.

स्टीलच्या ताटांवरचा धुरकट पांढरेपणा: शेवटच्या धुण्याच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर, आणि लगेच पुसणं. लिंबू-मीठ लावून स्टील तसंच ठेवू नका, मिठाने टोचे पडतात.

पाणी तापवायचा रॉड असेल तर तो प्लग काढून, गार झाल्यावर बादलीतल्या लिंबूसत्वाच्या पाण्यात फक्त धातूची वेटोळी बुडतील इतपत उभा करायचा. तासाभरात पांढरी पापुद्री गळून पडते. धुऊन, वाळवून मगच वापरा.

ब्लीचिंगचा डबा

हे घाईने लिहून चालणार नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी तिथं ४५ फूट आहे, त्यावरून अंदाज करा. पाणी ओसरल्यावर घराघरांत गाळ काढून ब्लीचिंग पावडर मारली गेली. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. पूर येणाऱ्या भागातल्या घरांत आजही बाथरूमच्या माळ्यावर ब्लीचिंगचा एखादा डबा असतोच. आमच्या घरी पाणी आलं नव्हतं, पण नदीकडच्या नातेवाइकांची घरं धुवायला गेलो होतो, तिथून एक डबा आमच्याकडेही आला.

त्या डब्यातली पावडर मी एकदा कमोडमध्ये टाकली आणि दहा मिनिटांनी, आणखी स्वच्छ व्हावं म्हणून, वरून ॲसिड ओतलं. हिरवट वाफ आली की नाही हे बघायला मी थांबले नाही. छाती आवळली, डोळ्यांना धारा लागल्या, बाहेर येऊन गॅलरीत बसले. ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. मग ते आम्ल बाटलीतलं असो, व्हिनेगर असो की लिंबूसत्व. ब्लीच आणि अमोनियावाला काच पुसायचा द्रव, हेही एकत्र नको. बंद बाथरूममध्ये पळायलाही जागा नसते. तेव्हापासून आमच्याकडे ब्लीचिंगचा डबा बाथरूममध्ये नाही, बाहेरच्या गॅलरीतल्या कपाटात आहे. मावशींना मी हे दोनदा समजावून सांगितलं, कारण पहिल्यांदा त्या "व्हय" म्हणाल्या आणि त्यांच्या दुसऱ्या कामाच्या घरी जाऊन हेच करत होत्या. तिथं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

दगडावर आम्ल नाही

आता ती राहिलेली गोष्ट. सांगली-मिरजेच्या जुन्या घरांत शहाबादी फरशी असते, ओट्याला कडप्पा असतो. दोन्ही चुनखडीचे दगड. म्हणजे जो चुना आपण टाइलवरून विरघळवून काढतो, त्याच जातीचा हा अख्खा दगड आहे. त्यावर व्हिनेगर टाकलं तर बुडबुडे येणारच, आणि ते डागाचे नसतात, फरशीचे असतात. संगमरवर आणि मोझाइक यांचंही तसंच.

सासऱ्यांच्या जुन्या घरातल्या मोरीची शहाबादी वर्षानुवर्षं दर दिवाळीला ॲसिडने धुतली जायची. त्या दिवशी ती अगदी पांढरीस्वच्छ दिसायची आणि सगळे खूश. पण दरवेळी वरचा गुळगुळीत थर थोडा खाल्ला जात होता. खडबडीत झालेल्या दगडात मळ आणि क्षार आणखी घट्ट धरत होते. म्हणून पुढच्या दिवाळीला आणखी ॲसिड. डाग परत येण्याची ही सगळ्यात वाईट तऱ्हा, कारण तो आपणच पेरत असतो. अशा फरशीला फक्त भांड्यांचा साबण, कोमट पाणी आणि ब्रश. आधीच खडबडीत झाली असेल तर मशीनने पॉलिश करून घेण्याखेरीज घरगुती उपाय मला सापडलेला नाही. कडप्प्यावर लिंबू कापून ठेवल्याचे गोल डाग हेही याच प्रकारचे, ते पुसून जात नाहीत.

सगळं करूनही परत का येतं

कारण पाणी तेच आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणाची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम धरली आहे, आणि दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. समजा आपलं बोअर त्या ६०० वर आहे. अंघोळ झाल्यावर भिंती, नळ, काच मिळून पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर पाणी मागे राहतं आणि तिथंच वाळतं. पाणी उडून जातं, त्यातला १२० मिलिग्रॅमपर्यंत क्षार भिंतीवर राहतो. रोजचा एवढा, तर महिन्याला साडेतीन ग्रॅम, जवळजवळ चमचाभर चुना. एवढा चुना कुणी मुद्दाम भिंतीला फासला असता तर आपण भांडलो असतो.

नाल्यातून वाहून गेलेलं पाणी डाग पाडत नाही. वाळलेलं पाडतं. म्हणून आमच्याकडे आता बाथरूममध्ये खुंटीला एक छोटा रबरी वायपर टांगलेला आहे आणि शेवटी अंघोळ करणाऱ्याने भिंत वरून खाली ओढायची, नळ टॉवेलने टिपायचा. मिनिटभराचं काम. पहिले आठ दिवस मुलाने कुरकुर केली. मग कुणाची पाळी शेवटी येते यावरून भांडणं सुरू झाली, ती अजून चालू आहेत. पण लिंबूसत्वाचा टॉवेल आता आठवड्याला नाही, दीड-दोन महिन्यांनी लागतो.

ज्यांना जमेल त्यांनी शेवटचा एक मग पाणी महापालिकेच्या नळाचं ओतावं, तेही चालतं. उन्हाळ्यात ते पाणीच कमी येतं तेव्हा वायपरच बरा. काचेवरचे काही जुने डाग मात्र कशानेच गेले नाहीत; काच तिथं कोरली गेली आहे, ती मी सोडून दिली.

गीझरला मी हात लावत नाही. जड पाणी तापलं की क्षार टाकीत आणि कॉइलवर बसतो, आणि पाणी जितकं जास्त कढत तितका जास्त. गेल्या वर्षी मिस्त्रीने टाकी उघडली तेव्हा खाली वाटीभर खपल्या निघाल्या, अंड्याच्या टरफलांसारख्या. यांनी त्या एका वाटीत व्हिनेगर घालून बघितल्या. अर्धा तास बुडबुडे येत होते. त्यानंतर गीझरची चकती ५० अंशांवर आणून ठेवली आहे. वर्षातून एकदा मिस्त्री येतो, मेन स्विच बंद करून टाकी उघडतो, आणि मी जुन्या चादरी अंथरून देते.